एका मापाची दोन भांडी

१२ मार्च १९३४, सोमवार

मिळालं! तेही न भांडता. पाय मात्र कामातून गेले. पोलादपूरपर्यंत झकेरियाची भाड्याची मोटार, पुढे कुडपणच्या अंगाची चढण. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे धंदे कोणी सांगितलेत? पण महाडच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाण्याच्या जुन्या वस्तूंचा संग्रह मांडायचं मीच अंगावर घेतलं. तीस वर्षं लोकल बोर्डाचा ओव्हरसियर होतो, जिल्हाभर विहिरी बांधल्या. दुसरं कोण करणार?

तांब्याचं भांडं आहे, वाटीपेक्षा थोरलं, बुडाला बारीकसं भोक. वर दोन वाड्या आहेत, वरची आणि खालची. झरा एकच. होळी झाली की करंगळीएवढी धार उरते. मग पाळ्या लागतात — एक घर वरचं, एक घर खालचं, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. भांडं दगडी डोणीतल्या पाण्यावर सोडायचं. भोकातून पाणी आत शिरत शिरत ते बुडालं की त्या घराची पाळी संपली. हंडा अर्धा असला तरी बाजूला व्हायचं. किती पिढ्या चाललंय कोणाला ठाऊक नाही, पण पाण्यावरून कधी कोणी हात उचललेला नाही म्हणे.

भांड्यापाशी रंगूबाई बसते. सत्तरीची असेल. माहेर खालच्या वाडीचं, सासर वरच्या वाडीचं, म्हणून तिला बसवलेली. मी घड्याळ लावून पाहिलं. भांडं बुडायला एकतीस मिनिटं! घटका म्हणजे चोवीस मिनिटं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, हे चुकीचं आहे. महाडच्या तांबटाकडून बरोबर चोवीस मिनिटांची दोन नवी करून देतो, वाडीगणिक एक. हे जुनं मला द्या. वरच्या वाडीचा सहदेव आणि खालच्या वाडीचा मुरारी दोघंही खूश. आपापलं भांडं, आपापला माणूस, कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

रंगूबाई तेवढी बोलली. "सायेब, भांडं एकच असावं. चुकलं तरी समद्यांना सारखंच चुकतं. दोन झाली की एक खरं नि एक खोटं."

मी म्हटलं, माझ्या देखरेखीखालचं काम खोटं होत नाही. सगळे हसले. ती हसली नाही. पदराने भांडं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. नवी येईपर्यंत नारळाच्या करवंटीला भोक पाडून चालवणार आहेत.

१६ मार्च, शुक्रवार

कुशाबा तांबटाकडे जाऊन बसलो. हा माणूस जेवढा चांगला कारागीर तेवढाच चुकार. शेवटी पहिलं भांडं हातात दिलं. परसात घंगाळात सोडून पाहिलं — तीन वेळा. चोवीस, चोवीस, चोवीसला दहा सेकंद कमी. वा रे वा! दुसरं "उद्या देतो" म्हणाला. कुशाबाचा उद्या मला माहीत आहे.

१९ मार्च, सोमवार

वाचनालयाच्या कमिटीची बैठक. संग्रहाची यादी वाचून दाखवली. भिस्त्याची पखाल, मोटेचं चामडं, रहाटाचं चाक, विहिरीत पडलेल्या कळशा काढायचा गळ, शेजारच्या साजिदाबीने दिलेला तिच्या सासूचा तोटीचा तांब्या, आणि हे घटकेचं भांडं. माना डोलल्या. मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "तळ्याबद्दल मात्र एक अक्षर नको. दावा कोर्टात आहे."

महाडात पाण्याचा संग्रह आणि चवदार तळ्याचं नाव नाही! सात वर्षांपूर्वी इथे काय झालं ते शेंबड्या पोराला विचारा. पण मी "बरं" म्हटलं. एवढ्या लवकर म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. उद्घाटनाला कलेक्टरसाहेब यायचे आहेत, एप्रिलअखेर.

२४ मार्च, शनिवार

सहदेव बाजाराला आला होता, भांडी न्यायला. नेमकं दुसरं भांडं कुशाबाने तेव्हाच आणून दिलं. झकेरियाची मोटार दारात, त्याचा भोंगा थांबेना. "कुशाबा, दोन्ही सारखी ना रे?" "एकाच मापाची की सायेब." दोन्ही भांड्यांवर माझा बाणाचा ठसा ठोकला — बोर्डात पातळीच्या खुणेसाठी वापरायचो तो. बरोबर चिठ्ठी दिली: दोन्ही भांडी मी स्वतः तपासली आहेत, प्रत्येकी चोवीस मिनिटे.

दुसरं तपासायचं राहिलं. पण सारखीच दिसत होती. सहदेवने पिशवीत हात घालून वर आलं ते आपल्या वाडीला ठेवलं, दुसरं मुरारीला.

२ एप्रिल, सोमवार

उकाडा. सावित्री पार आटली आहे. भांड्यासाठी काचेचं कपाट आलं. खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: "पाण्याच्या न्याय्य वाटपाचे प्राचीन साधन."

९ एप्रिल, सोमवार

रंगूबाई आली. एवढी म्हातारी, वाडीपासून पोलादपूरपर्यंत पायी! पुढे झकेरियाने तिला मोटारीत घेतलं. दारात उभी राहून आधी पाणी मागितलं, मग बसली.

"सायेब, आमचं भांडं परत द्या."

का म्हणून विचारलं. म्हणाली, "खालच्यांचं भांडं घाईत हाय. मुरारी बोलतो, वरच्यांचे पाच हंडे भरतात नि आमचे चार भरत नाय. सहदेव बोलतो, भांडं सायेबाचं हाय, तूच कायतरी करतोस. दोघं डोणीच्या दोन कडांना बसतात नि भांड्याकडं बघतच नाय. एकमेकांच्या हाताकडं बघतात."

मी समजावलं की दोन्ही भांड्यांवर माझा ठसा आहे.

"ठसा काय पाणी मोजतो व्हय?"

राग आला. खोटं कशाला लिहू, जोराचा राग आला. अडाणी बाईने मला माप शिकवावं! मी सांगितलं की अठ्ठावीस तारखेला मोठे साहेब येणार आहेत, तोवर भांडं हलणार नाही. नंतर बघू. ती कपाटापाशी गेली. काचेवर हात ठेवला. "कोरडं ठेवलंय," एवढंच म्हणाली. चहा घेतला नाही.

मुरारीची बायको चंद्रभागा बाळंत झाली आहे, महिन्याचं मूल आहे, हेही जाता जाता सांगून गेली. मला का सांगितलं कोण जाणे.

१३ एप्रिल, शुक्रवार

मुरारीचं पत्र, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. सहदेव माझ्या भांड्यात कळ करतो, त्याच्या भांड्याला मेण लावतो, साहेबांनी येऊन न्याय करावा. काय हे! लहान मुलांसारखं.

उलट टपाली उत्तर दिलं. दोनच ओळी, म्हणजे वाद वाढायला नको: "भांडी निर्दोष आहेत. दोष माणसांत शोधा." वाक्य झकास उतरलं. दोनदा वाचलं.

१६ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी पाय आपोआप कुशाबाच्या दुकानाकडे वळले. सहज विचारलं, दोन्ही भोकं एकाच सुईने पाडलीस ना? तो भात्यापाशी बसून होता. वर न बघता म्हणाला, "पयली सुई मोडली ना सायेब. दुसरं भांडं दुसऱ्या सुईनं पाडलं. थोडी जाड होती. मी बोललो, सायेब तपासणारच हायेत."

घरी आलो. जेवण गेलं नाही.

भोक जाड म्हणजे भांडं लवकर बुडणार. म्हणजे खालच्या वाडीची प्रत्येक पाळी तोकडी. रोज. चोवीस दिवस झाले आजला. रंगूबाई खरं सांगत होती आणि मी तिला अडाणी म्हटलं.

उद्याच वर जायला हवं.

१७ एप्रिल, मंगळवार

जाता आलं नाही. मांडव, पाहुण्यांची पत्रं, कपाटाची काच तडकली ती बदलली. शिवाय उद्घाटनाच्या तोंडावर मीच जाऊन "माझं माप चुकलं" म्हणून सांगायचं? मग त्या कपाटातल्या चिठ्ठीला कोण विचारतो! दहा दिवसांचा प्रश्न आहे. दहा दिवसांत काय होतंय?

२२ एप्रिल, रविवार

झकेरिया भेटला. त्याला दोन्ही वाड्यांतली माणसं ओळखतात, मुंबईला जाणारी-येणारी त्याच्याच मोटारीने जातात. म्हणाला, "साहेब, वरचं वातावरण बरं नाय. काल वरच्या वाडीचे दोघे नि खालचे तिघे मोटारीत होते. पोलादपूर ते महाड, एक शब्द नाय. मी गाडी हाकतोय का प्रेत नेतोय, कळेना."

मी विचारलं, रंगूबाई कशी आहे. तिला आता कोणी झऱ्यावर येऊ देत नाही म्हणे. वरचे म्हणतात तू खालच्यांची लेक, खालचे म्हणतात तू वरच्यांची सून.

२८ एप्रिल, शनिवार

काय सोहळा झाला! तोरणं, सनई, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कलेक्टरसाहेबांनी पखाल हाताळली, गळ पाहून हसले, आणि घटकेच्या भांड्यापुढे थांबले ते थांबलेच. मी घंगाळ आणवून भांडं त्यावर सोडून दाखवलं. सगळी गर्दी श्वास रोखून बघत होती. साहेब म्हणाले, हा खरा इतिहास. माझ्या खांद्यावर हात ठेवला. अध्यक्षांनी भाषणात माझं नाव तीन वेळा घेतलं. साजिदाबीची नात हफिजा आणि तिच्या शाळेतल्या मुली वाकून वाकून बघत होत्या, त्यांतली एक विचारते, "मग आता तिकडे पाणी कशाने मोजतात?"

मी सांगितलं, याहून चांगल्या भांड्यांनी.

२९ एप्रिल, रविवार

उद्या वर जातो. नक्की. जुनं भांडं पिशवीत घातलं आहे. अध्यक्षांना विचारलं नाही.

३० एप्रिल, सोमवार

पोचायला उशीर झाला. एका दिवसाने.

पोलादपूरला उतरलो तेव्हाच कळलं. सगळे चढणीकडे बघत होते. वाटेत दोन शिपाई भेटले, मधे मुरारी, हातांना दोरीच्या काढण्या लावलेला. त्याने मला ओळखलं. थांबला. शिव्या देईल असं वाटलं. "सायेब, तुम्ही बोललात दोष माणसांत शोधा," म्हणाला. "मी शोधला." शिपायाने त्याला पुढे ढकललं.

झालं ते असं. काल सकाळी मुरारीच्या स्वतःच्या घराची पाळी होती. चंद्रभागा तान्ह्याला घेऊन हंड्यापाशी बसलेली. चौथा हंडा भरायच्या आत भांडं बुडालं. सहदेव म्हणाला, हो बाजूला. मुरारी म्हणाला, आधी हात दाखव, मेण कुठं आहे. सहदेवने हात मागे घेतला, कोण दाखवील? मुरारीच्या कमरेला कोयती होती. एकच घाव, मानेवर. सहदेव जागीच गेला. वरच्या वाडीने त्याला तिथेच बांधून ठेवला. डोणीतलं पाणी अजून कोणी भरत नाही. दोन्ही वाड्या तहानलेल्या बसल्या आहेत.

रंगूबाई झऱ्यावर एकटी होती, डोणी घासत. मी पिशवीतून भांडं काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने बघितलंही नाही. "आता कोनाला मोजून देऊ?" म्हणाली. भांडं तिथेच ठेवून आलो.

३ मे, गुरुवार

फौजदार घरी आले. मोठ्या आदराने. मुरारी एकच सांगतोय, सहदेवने भांड्यात कळ केली, माझं पाणी चोरलं. तेव्हा दोन्ही नवी भांडी तपासायला हवीत, आणि ती तपासायला जिल्ह्यात माझ्याएवढा जाणता कोण? भांडी माझ्या ताब्यात देऊन गेले. शुक्रवारी, अकरा तारखेला, मामलेदार आणि पंचांसमोर बुडवून दाखवायची. "तुमचं पत्रही सापडलंय त्याच्या पेटीत," हसून म्हणाले. "ते तर आमच्याच बाजूचं आहे."

ते गेल्यावर दार लावलं आणि घंगाळ भरलं. सहदेवचं भांडं: चोवीस मिनिटं. मुरारीचं: अठरा.

पुन्हा केलं. अठरा. पुन्हा. अठरा.

म्हणजे सहदेवने काहीच केलं नव्हतं. आणि मुरारी खोटं बोलत नव्हता.

५ मे, शनिवार

ओळखीच्या वकिलांकडे गेलो, आडून आडून विचारलं. ते म्हणाले, भांडी सारखी निघाली तर मुरारीला काही आधार नाही. कांगावा करून मुडदा पाडला, असंच दिसेल. फाशी. पण त्याचं भांडं खरंच कमी निघालं तर गोष्ट वेगळी. माणूस महिनाभर तहानला होता, त्याला खरंच वाटलं की आपल्याला फसवलं जातंय. जन्मठेपेवर निभावेल. "आणि भांडं बनवून देणाऱ्याचं काय?" मी विचारलं. वकील म्हणाले, खोटा दाखला दिला असेल तर त्याने आपलं बघावं.

चिठ्ठी माझ्या सहीची आहे. "मी स्वतः तपासली आहेत."

मी सांगणार. जगून झालंय माझं, आणखी किती वर्षं राहिली आहेत? चारचौघांत नाक कापलं जाईल, पेन्शनीला धक्का लागेल, अध्यक्ष खोलीला कुलूप लावतील. लावोत. एका माणसाची मान आहे.

लिहून टाकलं म्हणून बरं वाटलं.

८ मे, मंगळवार

चंद्रभागा आली, मूल कडेवर, सोबत रंगूबाई. चंद्रभागा विशीचीही नसेल. पायरीवर बसली, आत यायला तयार नाही. काही मागितलं नाही. रंगूबाईच बोलली. "तिचा दादला वाचेल ना सायेब? लोक बोलतात, तुमच्या हातात हाय."

मी सांगितलं, "मुरारीचं भांडं कमी आहे. मी मोजलंय. शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवणार."

चंद्रभागाने पहिल्यांदाच वर पाहिलं. मग वाकून माझ्या पायाला हात लावला. मला पाय मागे घ्यावासा वाटला. मूल तोंडात मूठ घालून चोखत होतं. दूध पुरत नाही, रंगूबाई म्हणाली, वाडीत पुरेसं पाणी नव्हतं ना.

त्यांना महाडातच रहा म्हटलं, शुक्रवारपर्यंत. साजिदाबीने आपल्या पडवीत जागा दिली.

९ मे, बुधवार

अध्यक्ष येऊन गेले. कलेक्टरसाहेबांनी पुण्याच्या कोणा विद्वानाला आमच्या संग्रहाबद्दल लिहिलं आहे म्हणे. माझ्या नावासकट. "शुक्रवारचं तेवढं नीट पार पडू द्या," म्हणाले. "तुमच्या ठशावर सगळ्या महाडचा विश्वास आहे." अंगणातून जाताना वळून हसले.

दोन्ही भांडी टेबलावर आहेत. शेजारी शेजारी ठेवली की मलाही फरक दिसत नाही.

१० मे, गुरुवार

आज काही लिहवत नाही.

११ मे, शुक्रवार

काल दुपारी दार लावून मुरारीच्या भांड्याच्या भोकाच्या कडेवर हातोडीने हलके हलके ठोके घातले. भोक मिटत आलं. मधून मधून पाण्यात सोडून घड्याळ बघत होतो. वीस. बावीस. चोवीस झाली तेव्हा थांबलो.

आज मामलेदारांसमोर दोन्ही भांडी एकदमच बुडाली. पंचांत कुशाबाही होता. त्याने भांडं उलटं करून बुडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा उठवला. चंद्रभागा बाहेर पायरीवर बसली होती. मी मागच्या दाराने घरी आलो.